हा माझा बर्फ नाही

जो माणूस भाड्यात घासाघीस करत नाही, त्याचा मला पहिल्या मिनिटापासून संशय येतो. वसईजवळ राजोडीला आमच्या वाडीतल्या घराची वरची खोली बघायला हे गृहस्थ आले, तेव्हा दादाने भाडं मुद्दाम वाढवून सांगितलं होतं. त्यांनी कमी करा म्हणायचं, आपण कुरकुरत थोडं कमी करायचं, अशी रीत. हे म्हणाले, "ठीक आहे." खोलीही धड बघितली नाही. खिडकी उघडली, समुद्र कुठल्या बाजूला आहे ते विचारलं आणि विहीर बघायला खाली उतरले. भाड्याने राहायला आलेला माणूस नळ बघतो, संडास बघतो. हा विहिरीत वाकून बघत होता.

मी दादाला स्वयंपाकघरात ओढलं. "हा राहायला आलेला नाही. हा कशासाठी तरी आलाय."

"उद्या दारात देव उभा राहिला तरी त्याच्याकडे दाखला मागशील तू," दादा म्हणाला.

मागेन. का नाही मागणार? एव्हरशाईन सिटीजवळच्या एका कॉलेजात मी प्रवेशाच्या खिडकीत बसते. बाहेर मोठी गाडी उभी करून आलेला बाप माझ्यापुढे गरिबीचा दाखला सरकवतो. मागच्या वर्षी वारलेली आजी यंदा पुन्हा वारते. इतकी वर्षं माणसांची तोंडं बघून मला एक गोष्ट कळली आहे. खोटा दाखला आणणाऱ्या माणसाचे बाकीचे कागद अगदी स्वच्छ असतात. आणि या गृहस्थांचं सगळंच स्वच्छ होतं. कपडे, नखं, बोलणं, सगळं.

साठी उलटलेले, साताऱ्याकडचे, उंच आणि जरा वाकलेले. दोन्ही कानांच्या पाळ्या वरून काळपट पडलेल्या, नाकाच्या शेंड्यावर तसाच डाग. थंडीने मांस मेलं म्हणायचे, आणि असं म्हणायचे जसं काही कोणाला कांजण्या आल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी पृथ्वीच्या दोन्ही टोकांना बर्फ मोजला होता. पण अंटार्क्टिका हा शब्द त्यांच्या तोंडात नसे. "दक्षिणेला असताना", "उत्तरेला गेलो होतो तेव्हा", असंच बोलणं. शेजारच्या पाड्यातल्या तारामावशी, सुकी मासळी विकतात त्या, कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होत्या, "केरलला नोकरी होती त्यांची. म्हनून तर गरमी सोसते."

पुढे कोणीतरी मावशींना बर्फाचं सांगितलं. मग त्या एक दिवस आमच्या अंगणात येऊन उभ्या. बोटीवर न्यायचा बर्फ हल्ली लवकर पाणी होतो, तुमच्या ओळखीने कारखान्यातून चांगला मिळेल का, भाव काय लावाल. माणूस हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. हे त्यांच्याबरोबर बर्फाच्या कारखान्यावर गेले, लादीवर बोटाने टकटक केलं, एक तुकडा कानाशी धरला आणि परत आले. "मुका आहे," म्हणाले. त्यांच्या दक्षिणेकडचा बर्फ पाण्यात टाकला की तडतड वाजतो म्हणे, कारण त्यात फार जुन्या काळची हवा कोंडलेली असते. ती हवा तपासली की त्या काळी आकाशात धूर किती होता, ऊब किती होती, सगळं कळतं. तारामावशींनी ऐकून घेतलं आणि घरी जाताना मला म्हणाल्या, "मानूस वाईट नाय. पन कायतरी लपवतो." तेव्हापासून गावात त्यांचं नाव बर्फवाले पडलं.

आता त्यांच्या तऱ्हा ऐका. दाराला त्यांनी एक काळी पाटी अडकवली, लहान मुलांची असते तसली. बाहेर पडताना तिच्यावर खडूने लिहायचं: "समुद्रावर. अकराला परत." आल्यावर पुसायचं. मला वाटलं, झालं, ही कोणाला तरी खूण आहे. घर रिकामं आहे, या. मी सरळ विचारलं. तर म्हणाले, बर्फावरच्या तळावरून बाहेर पडताना असं लिहूनच पडायचं असतं, वादळात माणूस हाताच्या अंतरावर हरवतो. "लिहिलेल्या वेळेला मी आलो नाही तर तुम्ही शोधायला निघायचं."

"राजोडीत?"

"कुठेही."

एकदा खरंच ते दुपार होऊन गेली तरी आले नाहीत. आले ते थेट माझ्यापुढे उभे राहिले, चेहरा पडलेला. "तुम्ही निघाला नाहीत."

"मी कोलंबी सोलत होते," मी म्हटलं. तेवढ्याने ते दोन दिवस माझ्याशी तुटक वागले.

दुसरं म्हणजे कचरा. हा माणूस स्वतःचा कचरा खिशात घालून घरी आणायचा. चहाचा कागदी कप, शेंगदाण्याची पुडी, सगळं. तिकडे नियमच आहे म्हणे, जे आणलं ते परत न्यायचं, बर्फावर काही सोडायचं नाही. आई चिडायची. आई घरात आमच्या वाडवळी बोलीत बोलते, मी ते इथे सरळ करून लिहिते, नाहीतर घाटावरच्यांना कळायचं नाही. "अहो, केळीची साल आहे ती. केळीच्याच बुंध्यात टाका, तिला बरं वाटेल." पण ते टाकायचे नाहीत. खिशात साल घेऊन वर जायचे. आईला त्यांची दया यायची. तिने एकदा बायकोबद्दल विचारलं, तर म्हणाले, "होती. मी दक्षिणेला असताना तिने वाट बघणं सोडून दिलं." आईने त्या दिवसापासून त्यांच्यासाठी एक भाकरी जास्त थापायला सुरुवात केली. मी म्हटलं, बायकोची गोष्ट सांगून भाकरी मिळवणारे मी पुष्कळ बघितलेत. आईने तव्यावरची भाकरी उलटली.

पण खरा गोंधळ झाला तो काठ्यांवरून. पावसाळ्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या पुढे, बांबूच्या काठ्या रोवल्या. काठ्यांवर लाल-पांढरे पट्टे. आता आमच्या वसईत कोणी जमिनीत रंगवलेली काठी रोवली की त्याचा एकच अर्थ होतो. सर्व्हे! रस्ता येणार, नाहीतर जेट्टी येणार, नाहीतर कोणाच्या तरी वाडीतून काहीतरी मोठं जाणार. दुपारपर्यंत गावभर झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या काठ्या गायब. काही तारामावशींच्या बोंबील सुकवायच्या मांडणीला लागल्या होत्या, पट्ट्यांसकट.

मला वाटलं आता तरी हे चिडतील, खरा रंग दिसेल. ते हसले. "तिकडे वादळ नेतं, इथे मावशी नेतात." मग मला समजावून सांगायला लागले, मी न विचारता. बर्फात काठी रोवायची आणि वर किती उरली ते बघत राहायचं. बर्फ साठला की काठी बुडते, वितळला की उघडी पडते. जगातल्या केवढाल्या बर्फाचा हिशेब असा साध्या बांबूच्या काठीवर चालतो. इथे बर्फाच्या जागी वाळू, एवढाच फरक. दर पावसाळ्यात समुद्र किती वाळू नेतो आणि किती परत आणून टाकतो, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी पुन्हा काठ्या रोवल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा रोवल्या.

आणि मग विहिरी. रोज सकाळी एक पेनासारखं यंत्र घेऊन हे घरोघर जायचे आणि विहिरीचं पाणी मागायचे. यंत्र पाण्यात बुडवलं की खारटपणाचा आकडा उमटतो. त्यावर विश्वास नसावा, कारण नंतर घोटभर पिऊनही बघायचे, डोळे मिटून. कोणी म्हणालं फिल्टर विकणारा आहे, कोणी म्हणालं तहसीलमधून आलाय.

इथे आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. आमची वाडी म्हणजे केळी, पानवेल, सोनचाफा आणि कडेला नारळ. वडील गेल्यावर आईने एकटीने राखली. गेली काही वर्षं विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं होतं. केळीची पानं कडेने करपत होती, चाफ्याच्या कळ्या उमलायच्या आधी गळत होत्या. आई रोज सकाळी त्या कळ्या वेचून ओट्यावर ठेवायची, फेकायची नाही. वाडी गेली तर आई किती दिवस काढेल, हा विचार मी करायचे नाही. टाळायचे.

आणि त्याच विहिरीवर दादाचा टँकर भरायचा. वाडीत आमचं एक बावखल होतं, पावसाचं पाणी साठवायचं तळं. ते बुजवून दादाने टँकर वळवायला जागा केली होती. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी एक. जूचंद्रकडे ज्या नव्या इमारती उठल्यात त्यांना पाणी लागतं. दादाच्या मुलांच्या शाळा त्यावर चालल्या होत्या, मी त्याला दोष देत नाही. शेजारच्या वाडीत नंदूकाकाही तेच करायचे. मी ज्यांच्याबरोबर डबा खाते त्या कॉलेजातल्या बायकाही टँकरचंच पाणी पितात.

तर गंमत बघा. दादाला खात्री होती की हा माणूस टँकर बंद पाडायला आलाय. मला खात्री होती की हा वाडी विकायला लावायला आलाय. एकाच माणसाबद्दल एका घरात दोन संशय, आणि दोन्ही एकमेकांना न पटणारे. माझ्या संशयाला आधार होता. एक दलाल कधीपासून आईच्या मागे लागला होता. त्याचं ठरलेलं पालुपद असे, "मावशी, आज ना उद्या समुद्र आत येणारच. भाव आहे तोवर देऊन टाका." आणि आमचे भाडेकरू काय सांगायचे? समुद्र येणार. एक खाली बसून सांगतो, एक वर राहून सांगतो. दोन आणि दोन मला जोडता येतात.

त्यात एक दिवस मी त्यांना नाक्यावर त्या दलालाबरोबर चहा पिताना बघितलं. घरी आल्यावर जिन्यातच अडवलं. "काय बोलणं झालं?"

"त्यांनी विचारलं समुद्र कधी येईल. मी त्यांना बर्फाबद्दल सांगितलं."

"मग?"

"ते मध्येच उठून गेले."

चेहऱ्यावर काहीही नाही. असा कोरा चेहरा मला खिडकीत दिसला असता तर मी मूळ कागद मागवले असते.

मी त्यांची परीक्षाच घ्यायची ठरवलं. रविवारी ओट्यावर आई, मी आणि ते बसलो होतो. मी म्हटलं, एवढा बर्फ वितळतो म्हणता, तर आम्हाला समजेल असं सांगा. त्यांनी दोन पेले मागितले. एका पेल्यात पाण्यात बर्फाचे खडे टाकले आणि पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारली. दुसऱ्या पेल्यावर चहाची गाळणी ठेवून तिच्यात खडे ठेवले. खडे वितळेपर्यंत आम्ही तिघं बसून होतो, वहिनी दोनदा डोकावून गेली. पहिल्या पेल्यातलं पाणी रेघेवरच राहिलं. दुसऱ्यातलं वर चढलं. "समुद्रात तरंगणारा बर्फ वितळला तर समुद्र वाढत नाही," ते म्हणाले. "जमिनीवर बसलेला बर्फ वितळून आत आला की वाढतो. उत्तरेच्या टोकाला समुद्रावर बर्फ आहे, पण ग्रीनलंडला तो जमिनीवर बसलाय. दक्षिणेला तर अख्खा खंड त्याच्याखाली आहे."

"म्हणजे तिकडची लोकं आधी बुडणार," मी म्हटलं.

"नाही. तिकडे पाणी उतरेल."

मी आईकडे बघितलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बर्फ वितळणार तिथेच आणि पाणीही उतरणार तिथेच? ते म्हणाले, तो बर्फ एवढा अवाढव्य आहे की आसपासचा समुद्र तो स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ सुटते आणि पाणी लांब पसरतं. सगळ्यात जास्त वाढतं ते लांबच्या किनाऱ्यांना. आपल्यासारख्या.

"वा! बर्फ त्यांचा, धूर मोठमोठ्या देशांचा आणि पाणी आमच्या केळीत. सरकारी कामासारखंच झालं हे."

ते मोठ्याने हसले. त्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं असं नाही, पण दात दिसतील असं पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर शोधलं. खरं होतं! शब्दन् शब्द खरा. माझा संशय दुप्पट झाला. एवढी अविश्वसनीय गोष्ट जो खरी सांगतो, तो पुढे कोणती खोटी खपवणार आहे?

मग गावात कोणीतरी बातमी आणली की समुद्र वाढल्यामुळे विहिरी खाऱ्या झाल्या असं एखाद्या शास्त्रज्ञाने सांगितलं, तर नुकसानभरपाई मिळते. कोणी आणली, कुठून आणली, कोणी विचारलं नाही. ज्यांनी काठ्या उपटल्या होत्या तेच केळीचे घड घेऊन आमच्या जिन्यावर. नंदूकाका पुढे. "साहेब, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. बर्फ वितळला, विहिरी खाऱ्या झाल्या. बाकी आम्ही बघतो." मला सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा दिसत होता. बर्फाने केलं म्हटलं की गावातल्या कोणाचंच काही चुकलेलं नसतं.

समाजाच्या हॉलमध्ये सभा झाली. शाल झाली, नारळ झाला, सोनचाफ्याची फुलं झाली. दादा दुसऱ्या रांगेत छाती काढून बसला होता, आमचे भाडेकरू म्हणून. बर्फवाले उभे राहिले. "बर्फ वितळतोय. समुद्र वाढतोय. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय." टाळ्या. "तुमचा किनारा खातोय, सुरूची झाडं पाडतोय. उद्या अजून आत येईल." पुन्हा टाळ्या, जणू काही चांगलीच बातमी होती.

 शाल खांद्यावरून घसरत होती ती त्यांनी काढली आणि घडी घालायला लागले.

"पण तुमच्या विहिरीत आज जे खारं आहे, तो माझा बर्फ नाही."

त्यांनी शालीची आणखी एक घडी घातली.

"वाळूत खाली खारं पाणी असतं. त्याच्यावर पावसाचं गोड पाणी तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. ती साय तुम्ही मोटारी लावून टँकरमध्ये भरलीत. खालचं वर आलं. बर्फाचा यात अजून तरी फारसा हात नाही."

मग जे झालं ते झालं. "किती खाल्ले?" कोणी ओरडलं. "फिल्टरवाल्याचा माणूस!" नंदूकाका टेबलावर हात आपटून म्हणाले, "गावाचं मीठ खाऊन गावावर उलटतो?" तारामावशी म्हणाल्या, "मी म्हनलं नव्हतं, लपवतो कायतरी?" दादा खुर्ची पाडून निघून गेला. ते उभेच. एवढी मोठी सभा उलटलेली आणि हा माणूस घडीचे काठ जुळवत होता.

मी त्या संध्याकाळी चक्रावून गेले होते, खोटं कशाला बोलू. त्यांना आयुष्यभर जे सांगायचं होतं तेच ऐकायला अख्खं गाव पहिल्यांदा जमलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मग हा माणूस आहे तरी कोणाचा? दलालाचा नाही, गावाचा नाही, फिल्टरवाल्याचाही नाही. कोणाचाच नसलेला माणूस मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीच्या कठड्यापाशी उभी होती. ते यंत्र घेऊन आले तसं तिने विचारलं, "मोटर बंद केली तर पाणी गोड होईल?"

त्यांनी यंत्राचं टोक पुसलं, पुन्हा पुसलं. "होऊ शकतं. काही पावसाळे जाऊ द्यावे लागतील."

"आणि तुमचा बर्फ?"

"तो यायचा तेव्हा येईल. तोवर वाळूत गोड पाणी भरलेलं असलं, तर खाऱ्याला आत शिरायला जड जाईल."

आईने पदर खोचला, मोटरच्या खोलीत गेली, फ्यूज काढला आणि येऊन पुन्हा उभी राहिली. तेवढ्यात टँकर आला. आईने ड्रायव्हरला चहा दिला आणि परत पाठवलं.

दादा आणि आई यांच्यात जे बोलणं झालं ते मी लिहिणार नाही. "एका परक्या माणसाच्या सांगण्यावरून पोटच्या पोराच्या ताटात माती कालवलीस," एवढं एक वाक्य मला विसरता येत नाही. महिनाभरात दादा, वहिनी आणि मुलं जूचंद्रला फ्लॅटवर राहायला गेली. तिथे टँकरने पाणी येतं. गणपतीला येतो, आईच्या पाया पडतो. माझ्याशी बोलत नाही.

आई हंड्याने ओढून पानवेलीला आणि चाफ्याला पाणी घालायची. एक पावसाळा गेला. दुसराही गेला. यंत्र विहिरीत उतरलं की आई विचारायची, "काय म्हणतंय?" आणि ते म्हणायचे, "थांबूया." कळ्या गळायच्या त्या गळतच होत्या. आईचे हात खांद्यापासून दुखायला लागले होते, रात्री बाम चोळताना मी शिव्या घालायचे. कोणाला ते तिला माहीत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी विहिरीवर एकटी उभी होते. आमची मोटर बंद, सगळं शांत. आणि त्या शांततेत मला कुंपणापलीकडून घरघर ऐकू आली. नंदूकाकांची मोटर. त्यांच्या पलीकडे अजून एक. रोज ऐकत होते, पण त्या दिवशी ती माझ्या डोक्यात शिरली. वरून कुंपण आहे. खाली वाळूत कुठलं कुंपण?

मी तरातरा जिना चढले. ते टेबलाशी चष्मा पुसत होते. "शेजारच्या मोटारी चालू असताना एकटी आमची मोटर थांबवून पाणी गोड होणार होतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. इतकी वर्षं मी या माणसाला पकडायला टपले होते आणि जेव्हा पकडलं तेव्हा मला रडू येत होतं. "घर फुटलं आमचं. भाऊ गेला माझा. ती म्हातारी हंडे ओढते आहे. आणि तुम्ही सांगितलं नाहीत? हॉलमध्ये सगळ्या गावाला सगळं सांगणारे तुम्ही?"

"आयुष्यभर सगळं सांगत आलो," ते म्हणाले. आवाज अगदी खाली. "मोठमोठ्या लोकांना सांगितलं. पूर्ण सांगितलं, काही न लपवता. ऐकून झालं की प्रत्येक जण हेच म्हणतो, मी एकट्याने थांबून काय होणार. बरोबरच असतं त्यांचं. मग कोणीच थांबत नाही. तुमच्या आईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, एकदा अर्धंच सांगून बघावं."

"आणि?"

"माझ्या डोळ्यांसमोर थांबलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं."

मी त्यांना महिन्याच्या आत खोली सोडायला सांगितली. तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू दे. एखाद्याचं मन कितीही चांगलं असो, माझ्या आईवर कोणी प्रयोग करून बघायचा नाही. ते गेले ते कुठे गेले, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

ते गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. शेजारच्या मोटारी, खालचं एकच पाणी, त्यांनी लपवलेलं अर्धं. मला वाटलं ती कोसळेल, निदान चिडेल तरी. ती पानवेल बांधत होती. सुतळी दाताने तोडून म्हणाली, "मग इथे काय उभी आहेस? नंदूकडे जा."

गेले. काकूंनी खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. नंदूकाका झोपाळ्यावर. मी सगळं मांडलं, अगदी साय-दुधापासून. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. झोपाळा तेवढा चालू होता. माझं संपल्यावर म्हणाले, "बरोबर असेल. तू शिकलेली आहेस. पण मला एक सांग, तुला पाठवलं कोणी?"

"आईने."

"खरं सांग."

"आईनेच, काका."

ते काकूंकडे बघून हसले. "तुझ्या आईला काही सांगायचं असेल तर ती कुंपणावरून हाक मारते. तुला कशाला पाठवेल? दादा घर सोडून गेला. तो बर्फवाला रातोरात पसार झाला." तो भरदुपारी गेला होता, पण मी बोलले नाही. "आता तू आलीस. आमच्या मोटारी बंद पाडायच्या, वाड्या सुकवायच्या आणि मग सगळ्यांच्या एकदम त्या दलालाच्या घशात. तुमचा सौदा झालाय ना? कितीला दिलीत?"

मी पुन्हा सांगितलं. आईची शपथ घेतली. आवाज चढला माझा, मग रडवेली झाले. मी जितकं जास्त बोलत होते तितके ते शांत होत होते. सरबताचा पेला मी तसाच ठेवला आणि उठले.

आई कुंपणाशी उभी होती, हातात हंडा घेऊन. नंदूकाकांची मोटर आमच्या दोघींच्या मध्ये घरघरत होती.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"विचार करतो म्हणाले," मी सांगितलं.